तिसरी प्रार्थना

"अजून दार उघडलं नाही," मुनीम म्हणाला.

"मग वाजवा की!"

"ते दार कोणी वाजवत नसतं, बेन."

मी एप्रनवर उलटं टाचलेलं घड्याळ वर उचलून बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मागे भिंतीच्या सावलीला हमद उभा होता. त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत ओली वाळू चिकटलेली होती. उजाडताच गावातून निघून तो किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत आमच्या दवाखान्यात पोचला होता. त्याची बायको मोझा अडली होती. पोटात जुळं होतं. पहिली मुलगी उजाडायच्या आत झाली आणि मग कळाच थांबल्या. दुसरं मूल आतच राहिलं होतं.

ही एकोणीसशे साठची गोष्ट. ओमानच्या किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरात आमच्या मिशनचा सहा खाटांचा दवाखाना होता. मी प्रिस्का ओहोळ, नगरची, मिरजेला नर्सिंग आणि सुईणपण शिकलेली, वय सव्वीस. तिथे येऊन मला आठ महिने झाले होते. आमच्या अमेरिकन डॉक्टरीणबाई चार दिवसांसाठी आतल्या डोंगरी गावांत गेल्या होत्या, म्हणजे जे काही करायचं ते मलाच करायचं होतं. हमदचं गाव लाँचनं दोन तासांवर होतं आणि त्या दिवशी बंदरात इंजिनाची एकच लाँच होती, गोकळदास शेठची. शेठ होते हवेलीत. हवेली म्हणजे तिथल्या भाटिया व्यापाऱ्यांचं कृष्णमंदिर. बाहेरून मात्र चारचौघांसारखं पांढरं घर, कळस नाही की झेंडा नाही.

"आत एक निरोप तरी द्या. बाई मरायला टेकलीये म्हणावं."

"ठाकोरजी जेवायला बसलेत," मुनीम हळू आवाजात म्हणाला. "पडदा ओढलाय. आता उघडेल."

माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. "तुमचा देव जेवेपर्यंत इकडे माणूस संपेल," असं मी चांगलं खणखणीत मराठीत म्हणाले. मुनिमाला मराठी कळत होतं की नाही कोण जाणे. त्यानं मान खाली घातली.

शेवटी दार उघडलं. आत जायचा प्रश्नच नव्हता, पण उंबऱ्याबाहेरून दिसत होतं. गोकळदास शेठ, ज्यांच्या खजुराच्या गोण्यांनी अर्धं बंदर भरलेलं असे, ते उघड्या अंगानं जमिनीवर बसून वीतभर मूर्तीला छोट्या पंख्यानं वारा घालत होते. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. लहान पोराला जेवल्यावर निजवताना बाई पुटपुटते, तसं. मला ते आवडलं की काय अशी क्षणभर शंका आली, म्हणून मी आणखीनच चिडले.

शेठ बाहेर आले तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

"बेन, मुनीम बोलला मला. लाँच घेऊन जावा. दुर मोहम्मद नाखवा घेऊन जाएल," ते म्हणाले. त्यांचं लहानपण मुंबईत गेलेलं होतं, त्यामुळे मराठी यायचं, गुजराती वळणाचं. "पण एवढी घाई करून काय फायदा? खाडीत पाणी यायला पायजे ने?"

"अर्धा तास मी इथे उभी आहे, शेठजी."

"हा, ते बराबर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. साखरेत घोळलेल्या खुसखुशीत पुऱ्या होत्या. "ठाकोरजीचा प्रसाद. बाळंतिणीला द्या. तुमी पण खावा, सकाळपासून उपाशी असाल."

आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं होतं, मूर्तीपुढे ठेवलेलं खायचं नाही. माझे आजोबा पहिल्या पिढीतले ख्रिस्ती. गावच्या जत्रेतला गूळखोबऱ्याचा तुकडा नाकारला म्हणून त्यांनी मार खाल्लेला होता. मी पुडकं बॅगेच्या तळाशी दाबलं आणि धक्क्याकडे पळत सुटले. हमद माझ्या मागे होता. वाटेत दवाखान्यातून उकळलेली हत्यारं घेऊन धक्क्यावर पोचेपर्यंत सव्वाबारा होऊन गेले.

धक्क्यावर दुसरीच तऱ्हा. लाँच बांधलेली, इंजिन बंद, आणि दुर मोहम्मद फळ्यांवर चटई अंथरून नमाजाला उभा. हा बलुची नाखवा पन्नाशीचा होता, दाढी मेंदीनं लाल केलेली. मी काही बोलायच्या आत हमदनं पाय धुतले आणि तोही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ज्याची बायको तिकडे तडफडत होती तो माणूस शांतपणे हात बांधून उभा! मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं.

बारा वीस झाले. मी त्या दोघांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. अगदी समोर.

"नाखवा, चला! चला म्हणते ना!"

दोघांच्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत. ते वाकले, बसले, कपाळं फळीला टेकवली. माझी सावली त्यांच्या चटईवर पडली होती. उजवीकडे आणि डावीकडे सलाम फिरवून झाल्यावर दुर मोहम्मदनं चटईची गुंडाळी केली आणि माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, तर आपल्यातल्या अडाण्याला समजवावं तसं.

"बाई, नमाजी के सामने खड़ा नहीं होते. उस से बात भी नहीं करते. घर में आग लगे तो अलग बात."

"आग लागलीच आहे!"

त्यानं धक्क्याच्या खाली नजर टाकली, मग दोर सोडला.

बारा पस्तीस. मी माझ्या टिपणवहीत वेळा लिहिल्या. शिकवणीच होती तशी, प्रत्येक केसच्या वेळा लिहायच्या. हवेली तीस मिनिटं, नाखवा पंधरा मिनिटं. पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

दोन तास समुद्रात ऊन नुसतं भाजत होतं. हमद पुढच्या टोकाला बसून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होता. मी मनात सगळी तयारी करत होते. मूल आडवं असलं तर काय, पायाळू असलं तर काय, वार सुटली नाही तर काय. पण त्याच्या आडून दुसराही विचार चालला होता, आणि तो आज लपवत नाही. या लोकांनी आपापल्या देवासाठी मला उन्हात ताटकळत ठेवलं. आता माझ्या देवाची पाळी, असं मी मनाशी म्हणत होते.

गाव म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या वीसएक झोपड्या. हमदच्या घराची खोली बायकांनी गच्च भरलेली होती. मोझा कोपऱ्यात चटईवर होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तोंड पांढरंफटक पडलेलं, पण डोळे जिवंत होते. तिच्या डोक्याशी हमदची आई, उम्म हमद. तिच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली पहिली मुलगी चुटूचुटू बोट चोखत होती. मला बघून म्हातारीनं मुलगी शेजारणीकडे दिली, माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले आणि मोझाच्या पायांशी जागा करून देऊन तीही तिथेच टेकली.

मी मोझाच्या पोटावर नळी लावून ऐकलं. दुसऱ्या मुलाचे ठोके सापडले. थोडे संथ, पण होते. डोकं वरच्या बाजूला लागत होतं, म्हणजे मूल पायाळू. पाणमोट अजून फुटलेली नव्हती. आणि माझा हात पोटावर असतानाच पोट कडक झालं. कळा परत सुरू झाल्या होत्या! माझा जीव भांड्यात पडला. मूल जिवंत, आई जिवंत, आणि मी वेळेवर पोचले होते.

मी गरम पाणी मागून हात धुतले. दोन पंचेचाळीस.

आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर पाटी होती, आधी प्रार्थना, मग काम. डॉक्टरीणबाईंची प्रार्थना एका ओळीची असे. हात पुसता पुसताच ती संपे आणि त्यांचे डोळे तेव्हाही पेशंटवर असत. मला ते कायम खटकायचं. देवाशी बोलायचं ते असं उभ्या उभ्या? माझे वडील नगरला शाळामास्तर होते आणि चर्चच्या मंडळीत प्रार्थनेला तेच उभे राहत. डोळे घट्ट मिटून, हात जोडून, आवाज खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाईल असा. मी त्यांची मुलगी होते.

मी गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटले.

आधी मराठीत मागितलं. मोझासाठी, बाळासाठी. एवढ्यावर आमेन म्हणता आलं असतं. पण खोली एकदम गप्प झाली होती. पंधरावीस बायका, आठ महिन्यांत इतक्या जणी माझं बोलणं ऐकायला कधी बसल्या नव्हत्या, आणि आज कोणी उठून जाणार नव्हतं. मग मी मोडक्यातोडक्या अरबीत सुरू केलं. देव एकच कसा, त्यानं आपला पुत्र कसा पाठवला, त्यानं मेलेल्या मुलीला हाताला धरून कसं उठवलं. मी देवाशी बोलतच नव्हते. मी त्या बायकांशी बोलत होते, तोंड फक्त वर केलेलं होतं. मध्ये मोझा एकदा मोठ्यानं कण्हली. मला वाटलं, कळ आली असेल, येऊ दे, चांगलंच आहे. मी आवाज आणखी चढवला.

आमेन म्हणून डोळे उघडले तर मोझाखालची चटई भिजलेली होती. पाणमोट फुटली होती. आणि पाण्याबरोबर नाळ बाहेर आली होती, हातभर, निळसर. मुलाच्या आधी नाळ आली की ती मुलाच्याच अंगाखाली चेपते आणि त्याचा जीव कोंडतो. हे सुईणपण शिकणाऱ्या मुलीला पहिल्या महिन्यात सांगतात.

पुढचं माझ्या हातांनी केलं, डोक्यानं नाही. पाय सापडला, दुसरा पाय सापडला, मूल ओढून काढलं. मुलगी होती. आधीच्या मुलीसारखीच, तेच नाक, तेच कपाळावर आलेलं दाट जावळ. अंग मऊ पडलेलं. मी तिचं तोंड साफ केलं, उलटी धरली, तळव्यांवर थापट्या मारल्या, तिच्या इवल्याशा तोंडात माझा श्वास घालत राहिले. बायका एकेक करून बाहेर गेल्या. उम्म हमदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा वीस मिनिटं झाली होती.

"बस," ती म्हणाली. "आता हिला बघ." तिनं मोझाकडे बोट केलं.

मोझाची वार काढली, रक्त थांबवलं. ती वाचली. नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

म्हातारीनं मेलेल्या नातीला कोमट पाण्यानं अंघोळ घातली. मी भिंतीला टेकून बघत होते. मला एकच गोष्ट कळत नव्हती. ती मोझाच्या पायांशी बसलेली होती. पाणमोट तिच्या समोर फुटली असणार.

"नाळ बाहेर आलेली तुला दिसली होती?" मी विचारलं.

"दिसली."

"कधी?"

"तू आपली बोली सोडून आमच्या बोलीत मागायला लागलीस, त्याच्या जरा नंतर."

"मग मला हाक का नाही मारलीस? हात धरून हलवायचं मला!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते.

"तू रबापुढे होतीस," ती म्हणाली. "त्यात मध्ये कसं बोलायचं? मी तुझ्या संपण्याची वाट बघत होते. माझा जीव इथे आला होता." तिनं ओला हात गळ्याला लावला. "पण वाटलं, ही आमच्यासाठीच मागतेय. अर्ध्यात तोडलं आणि ते पोचलंच नाही तर?"

तिनं मला कॉफी आणि खजूर दिले. खाल्ल्याशिवाय सोडेना.

परतताना समुद्र शांत होता. उन्हं कलली होती. दुर मोहम्मद सुकाणू पायानं दाबून धरत म्हणाला, "बाई, दुपारी तू बहोत गुस्से में थी."

"तुम्ही नमाज पढत बसलात म्हणून उशीर झाला," मी म्हणाले. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. "शेठ आणि तुम्ही. पाऊण तास!"

"पानी कहाँ था, बाई?"

"म्हणजे?"

"लाँच तो रेत पे बैठी थी. तूने नीचे देखा नहीं? साढ़े बारह को भरती का पानी आया, तब उठी. उस के पहले शेठ खुद आ के धक्का मारता तो भी नहीं हिलती." त्यानं खांदे उडवले. "पानी आने तक मैं क्या करता? नमाज पढ़ लिया."

मी नगरची. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं. ओहोटीला लाँच वाळूत बसते, हे आठ महिने त्या बंदरात राहून मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. शेठ मला हवेलीच्या दारात तेच सांगत होते. म्हणजे त्या दोघांनी माझं एक मिनिटही घेतलं नव्हतं. मी वही काढली. हात धुतले तेव्हा दोन पंचेचाळीस, आणि नाळ बघितल्यावर सवयीनं घड्याळाकडे नजर गेली होती तेव्हा दोन एकावन्न. सहा मिनिटं. मध्ये अरबी कधी सुरू झालं ते मला चांगलं आठवत होतं.

मला चक्कर यायला लागली. दुर मोहम्मदनं माझ्या बॅगेत पाण्याची बाटली शोधताना ते पुडकं काढलं आणि उघडून माझ्या हातात दिलं. मी खाल्लं. शेवटच्या साखरेच्या कणापर्यंत खाल्लं.

आणि पोटात शेठच्या त्या पुऱ्या घेऊन दुसऱ्या दिवशी मी त्याच शेठविरुद्ध लिहायला बसले. दर महिन्याला मिशनच्या मासिकाला इकडचं वर्तमान लिहून पाठवायचं असे. मी लिहिलं की एका मूर्तीच्या जेवणासाठी अर्धा तास आणि नाखव्याच्या नमाजासाठी पाव तास गेला, आणि या विलंबानं एका निष्पाप बाळाचा बळी घेतला. वेळा बिनचूक लिहिल्या. भरतीचं लिहिलं नाही. सहा मिनिटांचं लिहिलं नाही. मला सगळं माहीत होतं आणि तरी लिहिलं नाही. भीती होती, लाज होती, आणि खरं सांगायचं तर लिहिता लिहिता मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

ते छापून आलं. नगरच्या मंडळीत उपासनेच्या वेळी वाचलं गेलं तेव्हा बायका रडल्या, असं वडिलांनी पत्रात कळवलं. "तुझ्यासारखी लेक दिली म्हणून देवाचे आभार मानले," असंही त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र मी कधी दुसऱ्यांदा वाचलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांना खरं सांगितलं नव्हतं.

मी तिथे आणखी अकरा वर्षं राहिले. गोकळदास शेठनी लाँचला कधी नाही म्हटलं नाही. माझं लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. पोचलं असतं तरी त्यांनी लाँच दिलीच असती असं मला वाटतं, आणि ते जास्त टोचतं. मोझाची जगलेली मुलगी चालायला लागल्यावर उम्म हमद तिला घेऊन दवाखान्यात आली होती. मी त्या पोरीला मांडीवर घेऊ शकले नाही. हात ओले आहेत, असं काहीतरी सांगितलं.

आता मी नगरलाच असते. ऐंशी कधीच उलटली. महिला मंडळात दर वर्षी मला तिकडची गोष्ट सांगायला लावायचे आणि मी ती सांगायचे, दोन प्रार्थनांची. तिसरी मी गेल्या रविवारी पहिल्यांदा सांगितली. कोणी रडलं नाही. बायका चपला शोधायच्या घाईत होत्या.

फक्त आमच्या चर्चची नवी पाळकबाई मागे थांबली. चांगली मुलगी आहे, जरा शिस्तीची. तिनं माझी काठी हातात दिली आणि म्हणाली, "आज्जी, एक विचारू? रागावू नका. उपासनेत सगळे डोळे मिटतात आणि तुम्ही टक्क उघडे ठेवून इकडेतिकडे बघता. लहान मुलं मला विचारतात. तुम्ही बघता तरी काय?"

"बघते," मी म्हणाले, "माझं संपायची कोणी वाट बघत थांबलंय का."